बोअर क्रमांक एकतीस ते छत्तीस

वणीत एखाद्या गल्लीत पांढरी गाडी शिरली आणि तिच्यातून नकाशाची गुंडाळी घेतलेला माणूस उतरला, की लोक एकच विचारतात : कोणाचं वावर गेलं? कोळशाच्या गावात ही शंका कोणाला शिकवावी लागत नाही. त्यामुळे सतरा सालच्या दिवाळीनंतर मंदार नावाचा तरुण कोकिळाबाई आंबटकरांच्या दारात उभा राहिला, तेव्हा चहाला आधण येईपर्यंत गल्लीच्या टोकाला ठरून गेलं होतं, की आंबटकरांचं निर्गुडा नदीकाठचं सहा एकर आता खाणीत चाललं.

मंदारनं मात्र खाणीचं नावसुद्धा काढलं नाही. तो मुंबईहून आला होता, नागपूरपर्यंत विमानानं आणि पुढं गाडीनं. त्यानं वाकून नमस्कार केला, भिंतीवरच्या आंबटकर साहेबांच्या फोटोलाही हात जोडले आणि म्हणाला, "काकू, साहेबांनी मोठं काम करून ठेवलंय. त्याची कुठंतरी आठवण राहावी, म्हणून आलोय."

मुंबईत जमिनीखालून मेट्रो होत होती. भुयार खणणाऱ्या कंपनीत मंदार नोकरीला होता. एका स्टेशनात म्हणे इतिहासाचं दालन करायचं होतं. त्र्याहत्तर-पंचाहत्तर साली या कामाची पहिली पाहणी झाली, तेव्हा जमिनीत भोकं पाडून खाली काय आहे ते पाहिलं होतं. त्या बोअरची साहेबांची वही तुमच्याकडं असेल, असं त्यानं ऐकलं होतं.

"कोणाकडून ऐकलं?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"ऑफिसातल्या जुन्या लोकांकडून."

"जुने कोण? साहेबांच्या बरोबरीचे तर सगळे गेले."

मंदार हसला. "काकू, तुम्ही तर उलटतपासणीच घ्यायला लागलात."

"छे. साखर किती घालू, तेवढं सांगा."

चहा झाला. कोकिळाबाई म्हणाल्या, वही असेल तर माळ्यावर असेल, नाहीतर कधीच रद्दीत गेली असेल, बघते आणि कळवते. मंदारनं आपलं कार्ड ठेवलं आणि तो हॉटेलवर गेला. त्याची गाडी वळेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या आणि मग आत येऊन लोखंडी कपाटातल्या काळ्या चंद्रकळेच्या घडीखाली हात घालून पाहिलं. वही जागच्या जागी होती. ती तिथं आहे हे त्यांना बेचाळीस वर्षं ठाऊक होतं.

मुंबईच्या त्या कामाला वणीची माणसं कशी गेली, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. जमिनीखालून गाडी न्यायची, असं मुंबईत साठ सालापासून बोललं जात होतं. एक मंत्री यायचा, नकाशा काढायला लावायचा, तो जायचा, दुसरा यायचा आणि म्हणायचा, आधी पूल बांधू. पुन्हा तिसरा यायचा आणि जुना नकाशा झटकून घ्यायचा. शेवटी त्र्याहत्तर साली खरोखर भोकं पाडायची वेळ आली, तेव्हा बोअरचं मशीन चालवणारी हुशार माणसं हवी होती, आणि ती होती कोळशाच्या पट्ट्यात. चंद्रशेखर आंबटकर तेव्हा तिशीचे, डिप्लोमा झालेले, नीटनेटके. त्यांच्याबरोबर वणीजवळच्या राजूरचा भीमसिंग आणि आणखी चार गडी गेले. कोकिळाबाईंचं लग्न होऊन सहाच महिने झाले होते. एका खोलीत संसार मांडला. खिडकीतून एक पिंपळ दिसायचा, एवढंच त्या घराचं सुख, पण ते त्यांना अजून आठवायचं.

कामाची रीत अशी होती. मशीनपाशी, जागेवरच, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायची : इतक्या फुटांवर माती, इतक्यावर चिखल, इतक्यावर खडक. भीमसिंग वर आलेला गाळ चिमटीत घ्यायचा, दाताखाली चावून पाहायचा आणि वाळू किती, चिकणमाती किती ते सांगायचा. साहेब लिहायचे आणि भीमसिंग खाली अंगठा उठवायचा. संध्याकाळी त्या चिठ्ठ्या घरी यायच्या आणि त्यावरून शाईनं वहीत पक्की नोंद व्हायची, दोन प्रतींत. एक कार्यालयात, एक साहेबांकडं. साहेबांचं अक्षर बरं नव्हतं. कोकिळाबाईंचं मोत्यासारखं होतं. म्हणून वही त्या लिहायच्या. चिठ्ठ्यांना गाळ लागलेला असायचा, खारट वास यायचा, कधी कधी आकडा वाचण्याआधी वाळलेला चिखल नखानं खरवडावा लागायचा. मुंबईच्या पोटात काय आहे ते आपण वणीच्या मुलीनं वाचलं, याचा त्यांना तेव्हा केवढा अभिमान.

पंचाहत्तरच्या जुलैमध्ये साहेबांना कावीळ झाली. एकवीस दिवस ते खाटेवरून उठले नाहीत. आणि त्याच एकवीस दिवसांत वहीत एकतीस ते छत्तीस अशा सहा बोअरची नोंद झाली. चिठ्ठ्या साहेबांनी उशीखालून काढून दिल्या होत्या. "भीमसिंगनं तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं," ते म्हणाले. कोकिळाबाईंनी त्या उतरवून काढल्या. त्या सहा चिठ्ठ्या अगदी स्वच्छ होत्या. त्यांना कुठंही चिखल लागलेला नव्हता. हे त्यांनी पाहिलं, आणि त्या बोलल्या नाहीत.

दोन वर्षांत सरकार बदललं, तो नकाशा कुठल्याशा कपाटात गेला आणि आंबटकर साहेब नोकरी सोडून वणीला परत आले. राजूरच्या खाणीत सर्व्हेअर झाले. तिथं त्यांचा लौकिक वेगळाच होता. स्वतः टेप धरल्याशिवाय ते एक इंच लिहायचे नाहीत. मॅनेजर वैतागायचे, कामगार हसायचे. घरीसुद्धा, डब्यात डाळ किती उरली असं विचारलं तर उठून झाकण उघडायचे, अंदाजानं सांगायचे नाहीत. कोकिळाबाईंना वाटायचं, हा यांचा स्वभाव. पण मनाच्या एका कोपऱ्यात त्या सहा चिठ्ठ्या होत्याच. साहेब जाऊन नऊ वर्षं झाली, तरी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोराव आला. तो कोकिळाबाईंचं वावर ठोक्यानं, वर्षाची ठरलेली रक्कम देऊन, वाहायचा. पराटीची, म्हणजे कपाशीची, दहा-बारा बोंडं त्यानं पंच्यात बांधून आणली होती. ओट्यावर बसून त्यानं ती एकेक फोडून दाखवली. प्रत्येकात गुलाबी अळी.

"पाहा काकूजी. दुसऱ्या वेचणीले काहीच येत नाही यंदा."

"दिसतंय बाबा."

"एक विचारू का? राग नका मानू."

"विचार."

"वावर देल्लं का कोळशाले?"

"नाही."

"मंग थो गाडीवाला कायले आलता?"

"मुंबईच्या रेल्वेचं काम आहे. जमिनीखालून जाते ना, ती."

नागोरावनं हातातलं बोंड खाली ठेवलं. "मुंबईची रेल्वे वणीत काय शोधून राह्यली?"

"साहेबांची जुनी वही."

"असन," तो म्हणाला, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. "मुंबईले जमिनीखालून गाडी, आन आमच्या यवतमाळची छोटी गाडी जमिनीवर होती थे बी बंद पडली. इकडच्या धरणाचा पैसा तिकडच्या भुयारात घातला म्हनते लोकं. तुमी मोठे लोक, तुमाले मालूम. पन काकूजी, सही मागतली तं देऊ नका. माया चुलतभावाले फवाऱ्याचं विष लागलं, आठ दिवस यवतमाळले सलाईनवर होता. घरी आला तं एक मानूस कागद घेऊन हजर. वाचून घेतला तं त्याच्यात लिवलं होतं, का यानं तोंडाले फडकं बांधलं नव्हतं. भाऊ म्हने, बांधलं होतं. मानूस म्हने, सही कर, फुकटची औषधं भेटतीन."

"केली का सही?"

"म्या नाही करू देल्ली."

मंदार दोन दिवसांनी पुन्हा आला. येताना त्यानं साडी आणली होती. ती त्यानं टेबलावर ठेवली, कोकिळाबाईंनी तशीच राहू दिली. मग वही आणून समोर ठेवली. माळ्यावर सापडली, म्हणाल्या. मंदारनं रुमालानं हात पुसले आणि वही उघडली. इतिहासाचं दालन मांडणारा माणूस पहिलं पान बघतो, शेवटचं बघतो, शाई कशी, कागद कसा ते बघतो. मंदारनं तसलं काही केलं नाही. त्यानं एकदम मधलं पान काढलं, बोटानं खाली सरकला आणि थांबला. त्याचं बोट एकतीसवर होतं.

कोकिळाबाईंनी पाहिलं आणि मनात नोंद केली.

"वा," मंदार म्हणाला. "काय अक्षर आहे. काकू, एक छोटी औपचारिकता आहे. ही वही साहेबांचीच, एवढं सांगणारं प्रतिज्ञापत्र लागेल. मसुदा मी करून आणलाय. तहसीलजवळ नोटरी आहे, मी घेऊन जाईन तुम्हाला."

त्यांनी चष्मा लावून स्टॅम्पपेपर वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे? 'सदर सर्व नोंदी माझ्या पतीने प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या असून खऱ्या व बिनचूक आहेत, हे मला व्यक्तिशः माहीत आहे.'"

"नेहमीची भाषा असते काकू."

"दालनात काचेखाली ठेवायच्या वहीला नोंदी बिनचूक कशाला लागतात? शिवाजी महाराजांच्या वेळची तलवार ठेवतात, तिच्या धारेचं कोणी प्रतिज्ञापत्र मागतं का?"

मंदार हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. कोकिळाबाई गप्प बसून राहिल्या. समोरचा बोलेपर्यंत न बोलण्याची ताकद त्यांच्यात होती, ती त्यांनी एका अबोल माणसाबरोबर संसार करून कमावली होती.

शेवटी मंदारनं सांगितलं. भुयार आता तांडेल पाखाडी नावाच्या जुन्या वस्तीखालून जायचं होतं. चारशे घरं, बरीच शंभर वर्षांची. दुसरा मार्ग होता, पण तो बड्या लोकांच्या बंगल्यांखालून जात होता आणि तो पंचाहत्तर सालीच कोणीतरी नकाशावरून पुसून टाकला होता. आता वस्तीवाल्यांनी हायकोर्टात अर्ज केला होता. खाली काय आहे ते आधी दाखवा, म्हणत होते, आणि दाखवायला नवीन बोअर पाडू म्हटलं तर मशीनही उभं राहू देत नव्हते.

"म्हणजे त्यांचा तुमच्यावर विश्वास नाही," कोकिळाबाई म्हणाल्या.

"कोणावरच नाही. म्हणून जुनी नोंद दाखवायची आहे. कार्यालयातली वही गहाळ झाली. टाईप केलेली प्रत आहे, पण कोर्ट म्हणतं, मूळ कुठंय? मूळ ही आहे. सहाच्या सहा बोअरला अडतीस ते एक्केचाळीस फुटांवर खडक. खडकातून भुयार गेलं तर वरच्या भांड्यातलं पाणीसुद्धा हलत नाही. सगळ्यांचंच भलं आहे यात."

"आणि खडक नसला तर?"

"साहेबांनी लिहिलंय ना काकू. वहीत आहे."

"मी विचार करते," त्या म्हणाल्या. वही त्यांनी उचलून आत नेली. साडीही परत दिली. मंदार म्हणाला, आपण शुक्रवारपर्यंत वणीत आहोत.

त्या दिवशी दुपारी त्यांनी पुण्याला मुलीला फोन केला. अनघा म्हणाली, "आई, सही करू नकोस, आणि काही सांगूही नकोस. वही हरवली म्हण. बाबांचं नाव कशाला यात?"

"हरवली म्हटलं, तर टाईप केलेली प्रत आहेच त्यांच्याकडं. कोर्टानं ती मानली, तर?"

"तर ते त्यांच्या डोक्यावर. तुला काय ठाऊक आहे? तू काय पाहिलंस?"

हाच प्रश्न होता. स्वच्छ चिठ्ठ्या पाहिल्या होत्या, एवढंच. चिठ्ठी स्वच्छ असणं हा गुन्हा नव्हे. भीमसिंगनं खरंच भोकं पाडली असतील आणि साहेबांना खाटेपाशी येऊन सांगितलं असेल, तर सगळं ठीक होतं, आणि बेचाळीस वर्षं त्यांनी देवमाणसावर उगाच संशय घेतला होता. भीमसिंग अजून होता. राजूरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑटोनं राजूरला गेल्या. ओट्यावर ऊन खात बसलेल्या भीमसिंगनं त्यांना ओळखलं, उठून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न केला, "सायबीनबाई, तुमाले कोनं धाडलं?"

"कोणी नाही. मीच आली."

"फोन हाय का जवळ? त्याच्यात टेप रायते. मोतीबाई, सायबीनबाईचा फोन घे."

त्याच्या बायकोनं फोन घेतला, घरात नेला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं. मग ती पाणी घेऊन आली. "यायच्या डोक्याचं असंच हाय," ती म्हणाली. "पेन्शनीचा मानूस आला तरी याइले वाटते, चौकशीच आली."

कोकिळाबाईंनी आडवळण घेतलं नाही. पंचाहत्तरचा पाऊस, साहेबांची कावीळ, तांडेल पाखाडी. सहा भोकं पाडली होती का?

भीमसिंग गुडघा चोळायला लागला. "साहेब तं गेले. आता कायले काढता?"

"तिथल्या घरांखालून गाडी चालली आहे, भीमसिंग."

"खरंच चालली? इतक्या वर्सानं?" त्याला याचं पहिल्यांदा नवल वाटलं, मग भीती. "नाही पाडलं," तो हळूच म्हणाला. "एकबी नाही पाडलं. बाया येऊन बसल्या ना जी जाग्यावर. आनीबानी होती. त्याइले वाटे, आज भोकं पाडतीन आन उद्या घरं पाडतीन. मशीन गाडीतून उतरवूच नाही देल्लं. आठ दिवस आम्ही तिरपाल टाकून पत्ते खेळलो. मंग मोठा साहेब आला. म्हने, पंधरा आगस्टच्या आंदर कागद पाह्यजे. तीस नंबरले खडक अडतीस फुटावर, वस्तीच्या पल्याड आधीच पाडलेल्या सदतीस नंबरले एक्केचाळीसवर. मधात काय आभाळ हाय का? म्हने, आंबटकरले सांग, लिहून टाक."

"आणि तू घरी आलास."

"आलतो ना. तुमी मले ताक देल्लं. साहेब हळदीवानी पिवळे. मले म्हने, भीमसिंग, तुले काय वाटते, काय असन तिथं? म्या म्हनलं, साहेब, म्या तिथची माती चाखली नाही, म्या काय सांगू. थे लय वेळ भिताडाकडं पाहत होते. मंग लिवलं. म्या अंगठा देल्ला. तिथं एक म्हातारी होती. ती सांगे, तिच्या सासऱ्याच्या वक्ताले तिथंच खाडी होती, तिथं होड्या बांधत. मागून भर टाकून बुजवली. म्या थे साहेबाले सांगतलं, पन तोवर कागद दिल्लीले गेलता. त्या दिवशी साहेब जेवले नाही."

ते जेवले नाहीत, हे कोकिळाबाईंना आठवत होतं. त्यांनी तेव्हा ते काविळीवर ढकललं होतं.

"सायबीनबाई, माया पेन्शनीले काही होईन का?"

"नाही होणार. तुझं नाव मी नाही घेत."

"घेऊ नका. म्या काही सांगतलंच नाही," भीमसिंग म्हणाला, आणि मोतीबाईनं पिठानं माखलेला फोन पदरानं पुसून हातात दिला.

परतताना ऑटोत त्यांना कोणाचा राग येत होता, ते कळत नव्हतं. साहेबांचा येत होता. मधात काय आभाळ आहे का म्हणणाऱ्याचा येत होता. पण जास्त राग स्वतःचा होता. साहेबांनी आयुष्यभर टेप धरून फेड केली होती. आपण काय केलं? मोत्यासारख्या अक्षरात खोटं खरं करून ठेवलं आणि वर चंद्रकळा ठेवली. आणि मग शंका आली, की हे सगळं खरं खरं सांगितलं, तर कंपनी काय करील? मेलेल्या माणसाच्या नावावर सगळं ढकलून मोकळी होईल. ज्यानं लिहून टाक म्हटलं त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. आंबटकरांचं आहे. हे अगदी असंच होणार, हे त्यांना दिसत होतं. तरीही त्या नोटरीच्या खोलीपाशी ऑटो थांबवून उतरल्या आणि कोरा स्टॅम्पपेपर मागितला.

शुक्रवारी मंदार आला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढं दोन कागद ठेवले. त्याचा मसुदा, सही न केलेला. आणि त्यांचा स्वतःचा, नोटरीचा शिक्का असलेला. त्यात चार वाक्यं होती. वही माझ्या अक्षरात आहे. दिनांक अमुक ते अमुक माझे पती काविळीने घरी होते, कामावर गेले नाहीत. बोअर एकतीस ते छत्तीसच्या नोंदी त्यांनी घरी लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरून मी उतरवल्या. त्या चिठ्ठ्यांना चिखल लागलेला नव्हता, हे मी तेव्हा पाहिले होते.

मंदारनं तो दोनदा वाचला. "काकू, याचा अर्थ काय होतो, कळतंय ना? साहेबांची बदनामी होईल. पेपरात येईल."

"माझीही होईल. अक्षर माझं आहे."

"तुम्ही स्वतः तिथं नव्हता. भोकं पाडली नाहीत, असं तुम्हीही म्हणत नाही यात."

"मी पाहिलं तेवढंच लिहिलंय. बाकीचं तुम्ही बघा."

तो फोन घेऊन बाहेर गेला. दहा मिनिटं गाडीपाशी उभा राहून बोलत होता. समोरच्या घरातून दोन बाया खिडकीआडून पाहत होत्या, आणि त्यांना आता नक्की वाटलं असणार, की भाव जुळत नाही. तो परत आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ते म्हणतात, कागद नको. वही तेवढी घेऊन ये."

"वही नाही देत."

"दालनासाठी, काकू."

"दालन आहे तरी का खरंच?"

मंदार खुर्चीवर बसला. "आहे," तो म्हणाला. "खरंच आहे. पण त्यासाठी मला विमानानं पाठवलं नसतं."

पहिल्यांदाच तो त्यांना बरा वाटला, आणि म्हणूनच त्या अधिक सावध झाल्या. जाताना त्यानं आपल्या कार्डाच्या मागं काहीतरी लिहिलं आणि ते टेबलावर ठेवलं. हायकोर्टातल्या अर्जाचा नंबर होता. "मी दिला म्हणून सांगू नका," तो म्हणाला. गाडी गेल्यावर त्यांनी अनघाला फोन करून तो नंबर कॉम्प्युटरवर तपासायला लावला. खोटा नंबर देऊन पत्र भलतीकडं पाठवायची युक्ती असू शकते, त्यांना वाटलं. अनघा चिडली, रडली, पण तिनं तपासला. नंबर खरा होता. अर्जदारांत पहिलं नाव होतं रजनी तांडेल, आणि तिचा पत्ताही होता.

सोमवारी पोस्टातून दोन रजिस्टर पत्रं गेली. एक कोर्टाला, एक रजनी तांडेलला. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स.

जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला. आवाजावरून चाळिशीची बाई, घाईत बोलणारी. "आजी, तुमचं पत्र कोर्टात वाचलं. कंपनीचे वकील म्हणाले, आम्ही वस्तीवाल्यांनी म्हातारीला पैसे दिलेत."

"म्हणणारच. दिलेत का?"

रजनी हसली. "कोर्टानं सांगितलंय, सहा बोअर नव्यानं पाडा. मशीन आलंय. पण आमच्या बाया उठत नाहीत. म्हणतात, पंचाहत्तरला खोटं लिहिलं, आताही लिहितील. तुम्ही सांगा आजी. पाडू द्यावं का?"

आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतलेल्या बाईला कोणीतरी विचारत होतं, विश्वास ठेवू का. "पाडू द्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "न पाडता लिहिलं, म्हणून तर हे झालं. पण तुमच्या दोन बाया मशीनपाशी बसवा. जे वर येईल ते हातात घेऊन बघा, आणि चिठ्ठी तिथंच लिहून घ्या. नंतर घरी जाऊन नाही."

"आणि खडक लागला तर?"

"तर तुमची घरं वाचली."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला खडक हवा आहे. घरांसाठी हवा आहे, पण तेवढ्यासाठी नाही. अंदाज तरी बरोबर निघावा, एवढं साहेबांसाठी हवं आहे. अडतीस फुटांवर नाही तर चाळिसावर, एक्केचाळिसावर. तो दिवसभर त्यांनी स्वयंपाकात लक्ष घातलं नाही. नागोराव पराटी उपटून उन्हाळी भुईमूग पेरायचं विचारायला आला, तर त्याला उद्या ये म्हणाल्या.

चार वाजता फोन वाजला. मागं मशीनचा आवाज होता आणि बायांचा गलका. "आजी, एकतीस नंबर चालू आहे," रजनी म्हणाली. "बारा मीटरला..."

"मीटर नको. फुटांत सांग."

ती कोणाशी तरी बोलली. "अडतीस फुटांना चिखल. एक्केचाळीसला चिखल. आता वीस मीटर, म्हणजे पासष्ट फूट झाले, अजून चिखलच येतोय. काळा, खारट. माझ्या हातातच आहे."

कोकिळाबाईंनी डोळे मिटले. पलीकडं रजनी 'आजी, आजी' करत राहिली.

"ऐकते आहे," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी लिहिली का?"

"लिहितोय तो इंजिनिअर."

"सही कोणाची आहे ते बघ. नाव पूर्ण लिहायला सांग. आणि ज्यानं त्याला लिहायला सांगितलं, तो मोठा साहेब तिथं उभा असेल, तर त्याचीही सही घे."

"तो नाही म्हणाला तर?"

"तर बायांना पुन्हा बसायला सांग," कोकिळाबाई म्हणाल्या.